दोरी सैल धरायची होती

अण्णा,

आज सकाळी मी कुत्रा देऊन टाकला. तेव्हापासून हातून एक काम धड झालेलं नाही. दूध उतू गेलं, पुढच्या दाराला कडी लावायची राहिली, आणि आता भरदुपारी ताटावरून उठून लिहायला बसले आहे. याआधी तुम्हाला लिहिलेली माझी सगळी पत्रं नांदेडच्या वसतिगृहातली, चार ओळींची; प्रकृती ठीक आहे, अभ्यास चालू आहे, एवढीच. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. हे पत्र खुशालीचं नाही. तुम्हालाच लिहायचं कारण असं की जे झालं त्यात तुमचा हात आहे. म्हणजे खरोखरचा हात, माझ्या मुठीवर तुम्ही एकदा दाबून धरला होता तो.

मी कुत्रा पाळला याचंच तुम्हाला आधी हसू येईल. आपल्या मळ्यावर कुत्री असायची, पण ती कुणी पाळलेली नसायची. उरलंसुरलं खायची आणि चुलवणाच्या राखेत झोपायची. "कुत्र्याला कशाची दोरी? त्येला का औताला जुपायचंय?" असं तुम्ही नक्की म्हणाला असता. पण तुमचे जावई गेले, मी शाळेतून निवृत्त झालेली, कळमनुरीच्या या घरात एकटी. पुण्याहून तुमची नात आली ती टोपलीत पिल्लू घेऊन. "आई, याला रोज फिरव, तुझंही चालणं होईल," म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी गाडीला बसली. पिल्लाचं वर्षभरात केवढं तरी जनावर झालं. रुंद छाती, काळं तोंड, घरात मेंढरासारखं गरीब. माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा. गळ्यात पट्टा अडकवून फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मात्र हा दुसराच कुणीतरी होई. मोटारसायकल दिसली, गल्लीतलं दुसरं कुत्रं दिसलं, खांद्यावर पोतं घेतलेला माणूस दिसला, की मागच्या दोन पायांवर उभा राहून झेप घ्यायचा आणि सगळी गल्ली गोळा होईल असा भुंकायचा. मी त्याच्यामागे फरफटत. टपरीवर बसलेल्यांना आयती करमणूक. "बाई, तुमी त्येला फिरवून राहिल्या का त्यो तुमाला?" असं एकाने विचारलं तेव्हा बाकीचे चहाच्या पेल्यात तोंड घालून हसले. त्यांतले निम्मे माझ्या वर्गात होते. मी मुख्याध्यापिका म्हणून व्हरांड्यात आले की अख्ख्या शाळेला ऐकू येण्याइतकी शांतता पडायची, आणि आता एक कुत्रा मला भर रस्त्यात ओढत होता.

मला जे येत होतं ते मी केलं. ओरडले. हिसके दिले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर मारली. तो आणखी बिघडला. शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. तिथे एक तरुण डॉक्टरीण आहे, लातूरकडची. तिने त्याला बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, हा रागीट नाही, घाबरट आहे. दोरी ताणली की त्याला वाटतं आता काहीतरी होणार, म्हणून तो आधीच तुटून पडतो." मग तिने सगळी रीत सांगितली. गळ्याचा पट्टा काढून छातीचा घालायचा. ज्याला पाहून तो बिथरतो ते लांब असतानाच थांबायचं. त्याने तिकडे पाहिलं, पण अजून भुंकला नाही, तेवढ्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा तोंडात द्यायचा. माझ्याकडे वळून पाहिलं की पुन्हा तुकडा. आवरत नाही असं वाटलं तर आरडाओरडा न करता पाठ फिरवून निघून यायचं. असं करत करत अंतर हळूहळू कमी करायचं. "आणि दोरी सैल ठेवायची, मॅडम. बाकी काही चुकलं तरी चालेल, ते नको चुकायला." मला सगळं एका बैठकीत समजलं. बी.एड.ला आम्ही वेगळं काय शिकलो होतो? डोक्याला समजलं, पण हाताला काही केल्या समजेना. समोरून कुणी यायला लागलं की मी मनात सैल, सैल म्हणत असायची आणि मूठ आवळलेली असायची.

तुम्हाला तो तांबडा गोऱ्हा आठवतो का? कुरुंद्याच्या मळ्यातला, कपाळावर चांद असलेला. त्याला वेसण घालून फार दिवस झाले नव्हते. हळद शिजवायचे दिवस. मोठ्या कढईखाली जाळ, सगळा मळा धुराने भरलेला, शिजलेली हळद उन्हात पसरलेली, बाया ती निवडत बसलेल्या. दादा तापाने झोपला होता म्हणून तुम्ही दोर माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, नुसतं फिरवून आण. मी दहा-अकरा वर्षांची. कढईतून वाफेचा लोट उठला, गोऱ्ह्याने हिसका दिला, माझ्या तळहातातून दोर सरसर निघाला आणि मी तो सोडला. गोऱ्हा पसरलेल्या हळदीतून तुडवत पार ओढ्यापर्यंत गेला. बाया खो खो हसायला लागल्या. तुम्ही त्याला धरून आणलंत आणि त्या सगळ्यांसमोर मला म्हणालात, "हात हाय का कापसाचा बोळा?" मला वाटलं आता घरी पाठवाल. तुम्ही दोर पुन्हा माझ्याच हातात दिलात, सोललेल्या तळहातावर, आणि वरून तुमची मूठ दाबलीत. "ताणून धर. जनावराला कळलं पायजे, तू हाईस म्हणून." तसे आपण तिघं मळ्याला किती फेरे घालत राहिलो, मला आठवत नाही. दिवेलागणीला चुलीपुढे आई माझ्या तळहाताला तेल-हळद लावते आहे, मी ओठ चावून बसले आहे, आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, "आता न्हाई सोडायची ती." आई हसते. मला कळतं, हे कौतुक आहे. तुमच्याकडून तसं कौतुक त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही.

मी सोडलं नाही, अण्णा. कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही लोखंडी पेटी घेऊन दिलीत, हिरव्या रंगाची, पितळी कुलपाची. कुलपाच्या दोन किल्ल्या. एक मला दिलीत, एक स्वतःकडे ठेवलीत. मैत्रिणी हसल्या, "अगं, वडील तिकडं नि पेटी इकडं, त्या किल्लीचं करायचं काय?" मला ते विचित्र वाटलं नव्हतं. कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून आहे एवढंच वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हा ती किल्ली तुमच्या करदोट्याला बांधलेली निघाली. पेटी तोवर कधीच गंजून भंगारात गेली होती. मी शाळाही तशीच चालवली आणि लेकही तशीच वाढवली. लेक पुण्याला गेली ती सणालाच येते, आणि आली की तिसऱ्या दिवशी निघते. शाळेत निरोपाच्या दिवशी सगळे चांगलं बोलले. डोळ्यांत पाणी कुणाच्याच नव्हतं.

कुत्र्याच्या शिक्षणाला मला बाहेरचं माणूस हवं होतं. लांब उभं राहील, हळूहळू जवळ येईल, पळून जाणार नाही, असं. ते काम समोरच्या आपांनी पत्करलं. आपांचं घर पिढ्यान्पिढ्या बांगड्यांच्या धंद्यातलं. त्या ओसरीवर बांगड्या भरतात आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बाजारात बसतात. वयाने माझ्याएवढ्याच. माझ्याशी गल्लीत मोकळं बोलणारं माणूस हे एकच. "मी खांबापाशी उभी राहते, बाई," त्या म्हणाल्या, "पर तिथूनच. नमाजचे कपडे हायेत, त्याची लाळ लागली तर सगळं धुवावं लागंल." कुत्र्याला त्यांनी जमादार नाव ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतो म्हणून. रोज सकाळी त्या विजेच्या खांबाला टेकून उभ्या राहायच्या आणि तिथून हाळी द्यायच्या, "काहून जमादारसाब, आज वारंट न्हाई का आमच्या नावाचं?" तो कान टवकारायचा, मी अंड्याचा तुकडा द्यायची. तो भुंकला की त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अरे चूप! तुझ्या बाईनं गणितात नापास केलं काय तुला?" मला हसू यायचं आणि हसले की हात आपोआप ढिला पडायचा. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आता येतं.

पावसाळ्यात त्या खांबापाशी होत्या. दिवाळीनंतर हापशापर्यंत आल्या. थंडी सरता सरता त्या रस्त्याच्या या बाजूला उभ्या राहिल्या तरी तो खाली बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहायचा. एक दिवस आम्ही टपरीवरून गेलो, पलीकडे दोन कुत्री भांडत होती, त्याने एकदा पाहिलं, मान वळवली आणि माझ्याबरोबर चालत राहिला. टपरीवर या वेळी कुणी हसलं नाही. मी घरी येऊन पंखा लावून बसले. मला वाटलं, या वयात मला काहीतरी नवं आलं.

तो बाजाराचा दिवस. आपा पेटी भरून ओसरीवर ठेवतात आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्या फाटकाशी येतात. "आज जवळ येते, बाई. कपड्याचं काय, बदलता येतात." अंड्याचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आहे. कुत्रा बसला आहे. त्याची शेपटी धुळीत इकडून तिकडे फिरते आहे. दोरी माझ्या हातात आहे आणि ती सैल आहे, जमिनीला टेकली आहे. आपा वाकतात. तेवढ्यात बाजाराच्या रस्त्याने एक गोऱ्हा सुटून येतो, दोर मागे फरफटतो आहे, पाठीमागून माणूस ओरडतो आहे, "धरा! धरा!" गोऱ्हा आमच्याकडे येतच नव्हता. तो कोपऱ्यावरून वळून निघूनही गेला. कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याचं सगळं लक्ष आपांच्या बोटांकडे होतं. पाहिलं ते मी. आणि माझी मूठ मिटली, मनगट मागे आलं, दोरी काठीसारखी ताठ झाली. त्याला कळलं, मी आहे म्हणून. त्याला कळलं, आता काहीतरी होणार. त्याने दचकून समोर पाहिलं, तर समोर आपा होत्या.

चावला नाही तो. छातीवर दोन पाय आदळले एवढंच. आपा मागे गटाराच्या कडेवर पडल्या. हातातल्या बांगड्या फुटलेल्या ऐकू आल्या, नंतर आपांचा आवाज. खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेडला ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर मी गेले तेव्हा सुनेने चहा दिला आणि आत निघून गेली. आपा उशीवर डोकं ठेवून छताकडे पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, "जमादार जेवला का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी कान धरून रागाचे दोन शब्द ऐकायला गेले होते, ते मला मिळाले नाहीत.

त्यांचा मुलगा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मॅडम, मी तुमच्याच शाळंत होतो. तुमच्यासमोर आवाज निघत न्हाई माझा. पर अम्मी आता वॉकरशिवाय उठणार न्हाई, असं डॉक्टर बोलले. मी काही करणार न्हाई. गल्लीचं मी सांगू शकत न्हाई." पुढच्या आठवड्यात अंगणात मटणाचा तुकडा सापडला, त्यावर पांढरी पूड. तो त्या घरातून आला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुत्रा आत झोपला होता म्हणून वाचला. मी तुकडा परसात खोल पुरला आणि तेव्हापासून त्याला अंगणात एकटं सोडलं नाही. फिरवायला न्यायची, पण सगळं पहिल्यासारखं झालं होतं, पहिल्याहून वाईट. मी दोरी कमरेला बांधून पाहिली, दोन बोटांत धरून पाहिली. बोटं आपली आपण मिटायची. डॉक्टरीण म्हणाली, "दुसऱ्या कुणी फिरवला तर?" दुसरं कोण? लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, आमच्या सोसायटीत चालत नाही. आणि तू नेहमी म्हणतेस ना, तुला सगळं जमतं."

या दिवसांत मला एक गोष्ट सारखी दिसते आहे. संध्याकाळी बैल मळ्यातून घरी येत आहेत, कासरा त्यांच्या पाठीवर टाकलेला आहे आणि तुम्ही मागून तंबाखू मळत चालता आहात. हात मोकळे. तोच तांबडा गोऱ्हा पुढे बैल झाल्यावर असाच यायचा, वळणावर आपला आपण वळायचा. म्हणजे तुम्ही कधीतरी सोडलं होतंत. कोणत्या दिवशी? ते ओळखायचं कसं? मला धरायचं शिकवलंत आणि मग मी नांदेडला गेले, तिकडून सासरी. पुढचं तुम्ही दादाला शिकवलं असेल. की मुलीला एवढं पुरे, असं वाटलं तुम्हाला? मी हे तुम्ही असताना विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता तुम्ही सांगितलंत तरी उपयोग नाही. या हाताला आता काही नवं येणार नाही, हे मी नीट पाहून घेतलं आहे.

आपल्या इकडच्या गोरेगावचा एक शेतकरी रानडुकरांनी बेजार झाला होता. त्याला शेतावर बांधायला भुंकणारं कुत्रं हवं होतं. आज सकाळी जीप घेऊन आला, तोंडात पान, कानाला फोन. मी दोरी त्याच्या हातात दिली. त्याने ती मनगटावर नुसती अडकवली आणि फोनवर बोलत बोलत टपरीपर्यंत जाऊन आला. अण्णा, मी फाटकात उभी राहून पाहत होते. दोरी लोंबत होती. मोटारसायकल गेली. गल्लीतली कुत्री अंगावर धावून आली. आमचा त्या माणसाच्या गुडघ्याशी शेपूट हलवत चालत राहिला, तोंडातून एक आवाज नाही. माणूस परत आला तो तोंड वाकडं करून. "बाई, हे तर भुंकूनच न्हाई राहिलं. डुकरं ह्याला बघून हासतील की. फसवता का काय? मी रिकामी जीप घेऊन जातो."

मी म्हटलं, "द्या इकडं." दोरी हातात घेतली, एक वेढा मुठीला दिला आणि ताणली. समोरून सायकलवाला येत होता. कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला आणि असा भुंकला की सायकलवाल्याने उतरून सायकल स्वतःपुढे आडवी धरली. माणूस खूश झाला. "हां, आता बराबर हाय! आवाज भारी हाय!" त्याने जीपमधून साखळी आणली. समोर आपांची खिडकी उघडी होती. मी तिकडे पाहिलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. दोरी सैल धरली तर तो गुणाचा आहे, हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने नेला नसता, आणि इथे तो आठवडाभरही जगला नसता, असं मी स्वतःला सांगते आहे. आपांच्या घरी कळवायलाही गेले नाही. भुंकणं ऐकून त्यांना कळलंच असेल.

दिलं ते असं. कुत्रा दिला. लस टोचल्याचं कार्ड दिलं. छातीचा पट्टा त्या माणसाला नको होता, "साखळीला कशाला लागतो?" म्हणाला, तरी पिशवीत घातला. जेवणाची जर्मनची थाळी दिली, अंथरायची जुनी सोलापुरी चादर दिली. दोन भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, पहिल्या दिवशी नव्या जागी तो तिथलं काही खाणार नाही म्हणून, त्याही दिल्या. त्या माणसाला वाटलं, वाटेत आपल्याला खायला आहेत. "कशाला तकलीफ घेतली, बाई," म्हणून त्याने त्या पुढच्या सीटवर ठेवल्या. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.